मांडे उचलणारे दंड

माझं माहेर सोनगीरकडचं खेडं, बाप शेतकरी आणि माय मांडे करणारी. तुमले सांगायला नको, पण बाहेरची माणसं वाचतील म्हणून सांगते, मांडा म्हणजे पुरणाची पोळीच, पण ती लाटायची नाही, दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायची आणि पालथ्या खापरावर टाकायची, फाटली की गेली. त्याले दंडात ताकद लागते. माझ्या मायच्या होती, माझ्याही आहे. लग्न होऊन अमळनेरले आले तर सासूनं आधी तोंड नाही पाहिलं, दंड पाहिले, म्हणे, उनी वं मना घरमा कामनी बाई, म्हणजे आली गं माझ्या घरात कामाची बाई. मले गर्व होता त्याचा, खोटं कशाले बोलू. आजही कोणाकडे लग्न निघालं की मले बोलावणं येतं.

माझी पोर वर्षा, एकुलती एक. लहानपणी अशी काटकुळी की विचारू नका. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, पोर बारीक शे वं तुनी, उपाशी ठेवस का? ते मले लागायचं. मग मी केळं-दूध, तुपात बुडवलेली बट्टी, डिंकाचे लाडू, नाही म्हणाली तर पाठीत धपाटा, खा म्हणजे खा. भरली हळूहळू. कॉलेजात जाईपर्यंत माझ्यासारखे दंड आले तिले, आणि मांडा असा उचलायची की बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या बाया पाहत राहायच्या.

तिथेच मी चुकले. धुळ्याचं स्थळ पाहायला आलं, मुलगा पुण्याले नोकरीले. लोक पोहे करतात, मी काय केलं, अंगणात चूल पेटवली, खापर ठेवलं आणि पोरीले म्हटलं, पाहुण्यांसमोर मांडे कर. ती म्हणत होती, आई, नको ना. मी म्हटलं, तुले काय कळतं? बाह्या वर करून बसली बिचारी. मुलाची आई खूश, मागून मागून खाल्लं त्यांनी. आणि मग फोन आला, मुलाले मुलगी जाड वाटते, हात पैलवानासारखे आहेत म्हणतो. पोर शेजारीच बसलेली, फोन स्पीकरवर, तो मीच हौसेनं स्पीकरवर टाकला होता, होकार असेल म्हणून.

दुसरी आई असती तर म्हणाली असती, गेला उडत. मी तिची रात्रीची भाकर बंद केली. भात नको, केळं नको, ज्या हातानं भरवलं त्याच हातानं पोरीपुढचं ताट ओढलं हो. ब्लाउजच्या बाह्या लांब शिवून आणल्या. ती म्हणायची, आई, भूक लागली, मी म्हणायची, एवढं लग्न होऊ दे, मग खा पोटभर. वाळली. त्याच गल्लीतल्या बाया म्हणाल्या, किती छान दिसते आता, आणि मलेही छान वाटलं, पाप ते हेच.

लग्न पाचोऱ्याले झालं. माणसं वाईट नाहीत. पण मांडेवालीची पोर आली म्हणून सासूनं पूजेच्या दिवशी भरल्या घरात तिले खापरासमोर बसवलं. तिनं उचलला, दंडाले पेलला नाही, मांडा खापरावर जायच्या आधीच फाटला. सासू मले फोनवर म्हणे, विहीणबाई, पोरीच्या अंगात काहीच नाही, लेकरू कसं धरंल, आखाजीले येईल तेव्हा जरा भरून पाठवा. आणि जावई तिले म्हणे, माहेरी जाऊन जाड होऊन येऊ नको हं. हसत म्हणे, पण म्हणे.

आमच्याकडे लेकी आखाजीले, म्हणजे अक्षय्य तृतीयेले माहेरी येतात, तशी आली. स्टँडवर उतरल्या उतरल्या मी काय म्हटलं, केवढी वाळली गं. सणाचं ताट वाढलं, मांडा, आमरस, वरून तूप. ती चतकोर तोडते अन् ताटातच फिरवते. खा ना बाई, म्हटलं. रडली नाही, चिडली नाही, मले म्हणे, आई, तू एकदा ठरव, खाऊ का नको खाऊ, मले आता भूक लागते की नाही तेच कळत नाही. काय सांगू तुमले, रस वाढायचा चमचा मी परत पातेल्यात ठेवला. मग धुळ्याले एका डॉक्टरबाईकडे नेलं, त्या तिच्याशी बराच वेळ बोलल्या आणि मले बाहेर बसवलं. बरंच केलं.

तेव्हापासून मी ठरवलं, तिच्या अंगावर, खाण्यावर आपण शब्द काढायचा नाही. आता ती सासरी आहे, संध्याकाळी फोन करते. आधी फोन उचलला की माझं पहिलं, जेवनी का बेटा? ते आता मी गिळून टाकते, आणि मग दुसरं काही सुचतच नाही. जन्मापासून पोरीशी मी दुसरं बोललेच नाही हो. ती वाट पाहते, म्हणते, आई, आहेस ना? आहे गं, म्हणते. आणि मनातल्या मनात देवाले म्हणते, बाकी काही नको, माझ्या पोरीले भूक लागू दे.