द्वारकेच्या मैनेला लागलेली माझी नजर

...आणि मी म्हणते, बघितलं म्हणजे खाल्लं का हो? नाही, तुम्हीच सांगा! शेजारणीची म्हैस गोठ्यासमोर उभी आहे, काळी कुळकुळीत, कास अशी टम्म भरलेली, मग माणूस बघणार नाही तर काय डोळे मिटून जाणार आणि शेणात पाय घालणार? मी आपली कुंपणाला टेकले आणि कौतुकानं म्हटलं, "द्वारके, काय गं कास आहे तुझ्या मैनेची, नुसती घागर!" बस्स. दुसऱ्या दिवशी मैनेचा एक सड सुजला, गरम लागायला लागला, हात लावला की लाथ, आणि दुधात ही... नासल्यासारख्या गुठळ्या!

दुखणं म्हशीला, आणि बोट माझ्याकडे! द्वारका, म्हणजे जिच्या हातचा चहा घेतल्याशिवाय माझी सकाळ होत नाही ती द्वारका, आळीभर हातवारे करत सांगत सुटली, "चंद्राबाईनं घागर म्हनलं न् घागरच फुटली. तिची नजरच तशी हाय!" तशी म्हणजे कशी? मला चष्मा लागून जमाना झाला, पोथीतलं अक्षर दिसत नाही! नजर लागायला आधी दिसायला नको?

पण आमच्या कडाव गावात कोण ऐकतंय! मी रस्त्यानं निघाले की बायका पापडांवर पदर टाकायच्या. आळीतल्या नम्रतानं तर मला बघून बाळाची टोपी पार हनुवटीपर्यंत ओढली. ते गुदमरलं, रडलं, की लगेच, "बघा, बघा, रडलं!" अगं बाई, तुझं नाक दाबलं तर तू काय गाणं म्हणशील?

हे सगळं एकवेळ सोसलं असतं हो. पण द्वारकेनं मला बघून दार लोटून घेतलं, ते नाही सोसलं. तुम्हाला सांगते, चहा घरीही होतो. पण कुणाचं लग्न मोडलं, कुणाकडे वॉशिंग मशीन आलं, हे मी सांगायचं कुणाला? भिंतीला?

इकडे द्वारकेचे उपाय जोरात. मीठमोहऱ्या ओवाळल्या, मैनेच्या गळ्यात काळा दोरा बांधला, गोठ्यावर जुनी चप्पल टांगली. ती चप्पलही माझीच, मी तिथं विसरलेली! आणि देवीचा अंगारा आणून ओल्या फडक्यात कालवला, रोज सकाळी त्या फडक्यानं मैनेची कास पुसायची, आणि मग नजर सरकून दुसरीला लागू नये म्हणून तेच फडकं शेजारी बांधलेल्या दुसऱ्या म्हशीच्या, बिजलीच्या, धडधाकट कासेवरून फिरवायचं. मी कुंपणाआडून बघत होते. म्हणजे... दिसत होतं.

शेवटी कंटाळून लेकीकडे साजगावला गेले. तर तिथं द्वारकेच्या रूपेशचा फोन! पोरगा रडवेला. "काकू, बिजलीचीबी कास सुजली गं. डेअरीवाल्यानं दूध घेतलं नाय. आई म्हनते दोन्ही म्हशी इकून टाकू."

खोटं कशाला बोलू, आधी पोटात खड्डा पडला, आणि लगेच त्या खड्ड्यातून आनंदाचं कारंजं उडालं! अहो, मी साजगावला! बिजली कडावात! मधे अख्खी खोपोली, अख्खं कर्जत! आता बोला! बघितलं म्हणजे खाल्लं म्हणत होतात ना? इथं तर मी बघितलंही नव्हतं!

हेच फोनवर ऐकवलं, तर पलीकडून द्वारकेचा आवाज, "तिची नजर लांब पल्ल्याची हाय!"

काय म्हणावं सांगा! मी काय टॉवर आहे मोबाइलचा?

तिथूनच कशेळ्याच्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. नंबर होता माझ्याकडे, माझ्याकडे सगळ्यांचे असतात. मिळेल ती जीप पकडून मीही कडावात हजर. डॉक्टर हर्षला म्हणजे एवढीशी पोर, पण मैनेच्या पोटाखाली अशी शिरली की मैना लाथ मारायची विसरली! चार खणांची थाळी काढली, एकेका खणात एकेका सडाचं दूध पिळलं, वर औषध ओतून गरागरा हलवलं. तीन खणांत दूध तसंच पातळ. चौथ्यात? लिबलिबीत, शेंबडासारखं!

"कासदाह आहे," म्हणाली. "जिवाणूंमुळे होतो. दूध काढल्यावर सडाचं तोंड थोडा वेळ उघडं राहतं. म्हैस तशीच शेणात बसली, की जंतू आत शिरतात आणि उबदार दुधात वाढतात. पण मावशी, दुसरीला कसा झाला? कास पुसता कशानं?"

द्वारकेनं मोठ्या अभिमानानं फडकं आणलं आणि आधी मैना, मग बिजली, असं करूनही दाखवलं!

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "मावशी, जंतूंना पाय नसतात हो. तुम्ही रोज त्यांना पालखीतून पोचवत होतात!"

अहाहा! तुम्हाला सांगते, कान तृप्त झाले! मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "म्हणजे डॉक्टरीणबाई, नजरेनं नाही ना होत?" "नाही." "जरा जोरात सांगा, तिकडे कुंपणापर्यंत ऐकू जाऊ दे." "नाही हो, नजरेनं नाही होत!" कुंपणावर अख्खी आळी. नम्रतानं स्वतःच बाळाची टोपी वर केली.

इंजेक्शनं झाली, दूध काढलं की पुढ्यात चारा टाकायचा म्हणजे म्हैस उभी राहते, हेही ठरलं, प्रत्येकीला वेगळं फडकं आलं, आणि दोन्ही म्हशी बऱ्या झाल्या! डेअरीवाल्यानं पुन्हा दूध घेतलं त्या सकाळी द्वारका भर रस्त्यात माझा हात धरून म्हणाली, "चुकलं गं चंद्रे. चल, चहा टाकलाय." मी तर डोळे पुसत थेट गोठ्याकडेच निघाले, मैनेला भेटायला...

तर रूपेश आडवा! "काकू, डॉक्टर सांगून गेल्यात. बाहेरच्यांनी आत यायचं नाय. जंतू चपलेला चिकटून येतात. त्यांनी इचारलं, गावातल्या सगळ्या गोठ्यांत कोन फिरतं, तर सगळ्यांनी तुझंच नाव सांगितलं."

मी द्वारकेकडे बघितलं. एव्हाना चहा घेऊन आलेली द्वारका कपातच बघत होती.

आता रोज कुंपणाबाहेर माझ्यासाठी खुर्ची टाकलेली असते. चहा तिथंच येतो. द्वारका आतून ओरडते, "बघ गं चंद्रे, हवं तेवढं बघ! फकस्त पाय तिथंच ठेव!"

बसते. बघते. काय करणार?