लासुर्ण्याचा बेडूक

भवानीनगरच्या स्टँडवर माझ्या मागं एक म्हातारं जोडपं येऊन बसलं. म्हातारीनं लगेच विचारलं,

"आता सांगा. बरणीत हाय का आपला बेडूक?"

"न्हाय. कॉलेजच्या म्युझियममधली एकेक बरणी बघितली. तू आत यायचंस की."

"माझा धीर न्हाय झाला. मग गेला कुठं?"

"तितल्या बाईंनी नोंद वाचून दाखवली. गाव लासुर्णे, विहिरीत सापडला. मोजला, फोटो काढला आन् जिता सोडून दिला."

"सुटले बाई. त्या कॉलेजच्या पोरीनं मागितला, आन् मीच डब्यात घालून दिला. तितं बेडूक मारून बरणीत ठेवत्यात हे कळल्यापास्नं घास गिळवत नव्हता."

"आता खा पोटभर."

"सोडला कुठं पण?"

"बावड्याच्या ओढ्यात. ती पोरगी तितलीच हाय, घरी जाताना सोडला."

"अवं, इतक्या लांब? तितं कोण हाय त्याचं?"

"आपली सोनम न्हाय का दिली तितं?"

"तिला वरीसभर करमत नव्हतं."

"आता?"

"आता फोनवर ‘आमच्या बावड्यात’ म्हणती."

"मग ह्योबी म्हणंल."