लुधियान्याची सीट

नाही, खुर्चीवर काही त्रास नाही, बसतो ना — त्रास फक्त सायकलवर. तेही दूध आणायला गेलो, बाजारात गेलो, तर काही नाही. लांब गेलं की. तासभर झाला की मग हळूहळू — आता हे कसं सांगायचं तुम्हाला. मला खिडकीवर म्हणाले डॉक्टर श्रीपाद बघतील, म्हटलं चला, बाप्या माणूस आहे, सांगून टाकू. आणि आत येऊन बघतो तर श्रीपाद आडनाव निघालं, आणि समोर तुम्ही. गणपतीत मंडळात खिरापत वाटत होतात त्या तुम्हीच ना? लीना ना? आमची सुनेत्रा म्हणाली होती, नवीन डॉक्टर मिरजेच्या आहेत, एकदा जेवायला बोलवू. ते राहूनच गेलं. तर — बधिर होतं. कुठे म्हणजे, बैठकीची जागा. आणि त्याच्या जरा पुढेही. हो, तेच. तुम्ही समजून घ्या, मी अधिक बोलत नाही. आधी मुंग्या येतात, मग काही कळतच नाही, आपलं शरीर आपलं नाहीच असं. साखर? तपासली, नाहीये. पाठ दुखत नाही, पायात जोर आहे, सगळं आहे. मराठीत बोलता येतंय हे एक बरं झालं. दार नीट लागलंय ना पण?

कोणासाठी म्हणजे — बाहेर बाकावर बसलाय ना, निळी पगडी, मांडीवर पुडकं, तो. हरचरण. माझ्याबरोबर आलाय. बरोबर कसला, त्यानेच आणलंय मला, हाताला धरून आणल्यासारखं. युनिव्हर्सिटीच्या क्वार्टर्समध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. मी स्टॅटिस्टिक्स शिकवतो, तो लायब्ररीत असतो. मराठी कळत नाही त्याला. "बस", "जेव", "चहा" एवढं कळतं, आमच्या मुलींनी शिकवलंय. आता हा दर रविवारी गावी जातो, खरडच्या पुढे, तिथे त्याची बेबे असते — बेबे म्हणजे आई हो — एकटीच असते म्हातारी, एक म्हैस आहे, म्हशीला सोडून शहरात यायला तयार नाही. हा जातो सायकलने. स्कूटर आहे की त्याच्याकडे. पण आजकाल पगडीवाला स्कूटरवर दिसला की नाक्यावर पोलीस आधी त्यालाच उतरवतात, आणि बस अडवून बिनपगडीवाल्यांना वेचून मारतात ते तुम्ही पेपरात वाचताच. सायकलवर निदान शेतावरचा माणूस समजून सोडतात. आणि बरोबर मी. मी का? पोट कमी करायला. सुनेत्रानेच पिटाळलं होतं. सकाळी धुक्यात निघायचं, उन्हं येईपर्यंत गावात, मग बेबेच्या हातची मक्याची रोटी आणि तिच्यावर एवढा लोण्याचा गोळा — पोट काय कमी होणार, कप्पाळ. म्हातारी मला म्हणते, तुझ्या नावातच गुरू आहे, तू आमचाच. गुरुनाथ ना मी. लोणी वाढताना दरवेळी म्हणते.

तर ते जाऊ दे. सीटचं सांगत होतो. एका रविवारी मी हरचरणला म्हटलं, यार, मला खाली बधिर होतं, आता लांबचं नाही जमायचं. मला वाटलं संपलं. पण ह्याला आपली अडचण सांगितली की ती ह्याची होते — हा स्वभावच आहे त्याचा, औषध नाही त्याला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली आला तो फोमचं कव्हर घेऊन. लावून बघितलं. म्हटलं, नाही रे, अजून होतंय. मग आणली स्प्रिंगवाली, ही एवढी रुंद, दूधवाल्यांच्या सायकलला असते तसली, मांड्या घासून सोलवटल्या माझ्या. मग म्हणाला सीटचं नाक जरा खाली झुकवू. झुकवलं, तर मी सारखा पुढे घसरतोय, सगळा भार मनगटांवर. मग उंची कमी केली, मग वाढवली. क्वार्टर्सच्या मागच्या अंगणात रोज संध्याकाळी हा पान्हा घेऊन वाकलेला आणि मी वर बसून "अं, नाही, इथे टोचतंय" असं सांगतोय. पोरं हसायला लागली आम्हाला. सुनेत्रा म्हणाली, अहो, नवरीला बांगड्या भरतानासुद्धा एवढं कोणी करत नाही. आणि शेवटी त्याने ही आणवली — लुधियान्याहून, मेव्हणा आहे त्याचा तिथे सायकलच्या धंद्यात. चामड्याची. नुसती आणली नाही, आठवडाभर मोहरीचं तेल चोळत बसला होता गच्चीत. आणि मधोमध, जिथे दाबतं ना नेमकं, तिथे लांबट खाच कापून घेतलीय, कडा घासून गुळगुळीत केल्यात. ती सीट आहे त्या पुडक्यात. डॉक्टरांना दाखवू म्हणतो, खाच आणखी मागे घ्यायला हवी का ते विचारू म्हणतो. मीच म्हटलं, तू बाहेर घेऊन बस, तपासणीच्या वेळी कशाला.

त्या सीटवरही होतं का? — हो. म्हणजे... हो असं सांगितलं मी त्याला. तलावाला दोन चकरा मारून आलो त्या सीटवर, तो बरोबर होता, सारखा माझ्या तोंडाकडे बघत. आणि डॉक्टर, खरं सांगायचं तर घरच्या गादीवर बसल्यासारखं वाटत होतं. मुंगी नाही की काही नाही. असं वाटलं, ह्याच सीटवर बसून थेट सिमल्याला जावं. उतरलो आणि म्हटलं, नाही रे हरचरण, होतंय अजून. त्याचा चेहरा असा पडला — स्वतःवरच चिडला तो. मग म्हणाला, मतलब सीट का कसूर नहीं है, नस दबी होगी, डॉक्टर को दिखाएंगे, पक्का. आणि सुट्टी काढून आला आज.

असं बघू नका हो. होत होतं, आधी होत होतं थोडं. लांबच्या रस्त्याला कोणाला होत नाही? अगदीच काही हवेतून नाही काढलं मी. आता तुमच्याकडे एवढंच काम आहे माझं — तपासून झालंय, तुम्हाला जे काय लिहायचं ते लिहा, फक्त बाहेर येऊन त्याला हिंदीत एक वाक्य सांगा. गुरुनाथजी को साइकिल मना है. बस. तुम्ही सांगितलं की तो ऐकेल. माझ्यावर रागावणार नाही, उलट मलाच वरण-भात खायला घालत बसेल. मी सांगायला गेलो तर आणखी एक सीट आणेल. मला आता ते बघवत नाही, खरंच सांगतो. तो वाकून पान्हा फिरवत असतो आणि मला वरून त्याची मान दिसते.

का नको जायला? — तुम्ही नवीन आलात डॉक्टर, तुम्हाला नाही कळायचं. बरं, ऐका. महिन्यापूर्वीची गोष्ट. जाताना खरडच्या पुढे, रस्त्याला कोणी नाही, दोन्हीकडे ऊस, आणि मागून मोटारसायकल आली. दोन पोरं, अंगावर लोया, त्या जाड लोकरी शाली. पुढे गेली, वळली, परत आली. हळू. आमच्या बरोबरीने चालवायला लागली, आणि मागचा माझ्याकडे बघतोय. हरचरणने सायकल माझ्या आणि त्यांच्या मध्ये घातली. पंजाबीत काहीबाही बोलला, पिकाचं, गावातल्या कोणाचं नाव घेतलं, आणि मग म्हणाला, ए मेरा भरा है. माझा भाऊ आहे. अगदी साध्या आवाजात. पोरं गेली. कोण होती, देव जाणे, कदाचित कोणीच नसतील, उसाला पाणी द्यायला आली असतील. आणि त्याच दिवशी परत येताना नाका. शिपायाने ह्याला उतरवलं, मला हात केला — जा. एरवी मी थांबायचो, म्हणायचो, हम साथ हैं जी, युनिव्हर्सिटी के हैं, की दोघांनाही सोडायचे. मला एवढं एक वाक्य बोलायचं असायचं. तो कधी म्हणाला नाही हं, की तू बरोबर असलास की मला नाक्यावर सोपं जातं. कधीच नाही. पण मला कळत नाही का? म्हणूनच रविवारचं इतकं धरून बसलाय तो. त्यांच्या पलीकडच्या गावातला एकजण असाच नाक्यावर उतरवला, त्याची सायकल तेवढी घरी आली. — तर त्या दिवशी मी नाही थांबलो. तो शिपाई ओळखीचा नव्हता, डोळे लाल होते त्याचे. मी पुढे जाऊन शिरीषाखाली उभा राहिलो, चेन उतरलीय असं दाखवत. त्याची पगडी सोडायला लावली त्यांनी. रस्त्यात. तो परत बांधत बांधत माझ्यापर्यंत आला आणि विचारतो काय, तर चेन चढली का.

मला लाज वाटते हो. म्हणजे अशी लाज की त्याच्याबरोबर जेवताना मी ताटातून मान वर करत नाही. पण परत त्या रस्त्याला जायचं म्हटलं की मला सकाळपासून भीती वाटते, आणि ते त्याला सांगायचं कोणत्या तोंडाने? त्यापेक्षा बधिर होतं हे बरं. म्हणून म्हणतो, तुम्ही सांगा. जाईल तो एकटा. इतके लोक जातातच ना एकटे?

काय गडबड आहे बाहेर? थांबा, तुम्ही बसा, मी बघतो.

— काही नाही. पहाऱ्यावरचा शिपाई आहे, पुडक्याचं विचारतोय. सगळीकडे पाट्या लावल्यात ना, बेवारशी वस्तूला हात लावू नका म्हणून. त्यात पेपरात गुंडाळलेलं, वर सुतळी. मला तेव्हाच सुचायला हवं होतं, पिशवीत घालून दिलं असतं. दार लावून घेतो, आपल्याला ऐकू येत नाही नीट. हां, तर ते हिंदीतलं वाक्य — नाही, मला बघितलं नाही त्याने. भिंतीकडे तोंड करून उभं केलंय. हात वर. करतात हो तसं, सगळ्यांनाच करतात.

किसके साथ आए हो, विचारतोय. ऐकलंत? हे ऐकलंत का तुम्ही? अकेला, म्हणाला. अकेला आया हूं जी. म्हणजे मी आत तपासून घेतोय ना, मला मधेच कशाला उठवायचं, म्हणून. असाच आहे तो.

तुम्ही कुठे निघालात? बसा ना डॉक्टर, सोडतील आत्ता, सुतळी सोडली की सीटच निघणार आहे आतून. आणि मी गेलो तर उलट वाढेल ते — दोघे कोण, कुठले, दर रविवारी कुठे जाता, नावं लिहून घेतील. मला दोन मुली आहेत. आणि तो स्वतःच म्हणाला ना, एकटा आलोय? स्वतःच्या तोंडाने म्हणाला. मग आता मी बाहेर जाऊन त्याला खोटं पाडू?

लीनाताई.

बरं, जा तुम्ही. दार तेवढं ओढून घ्या.