बर्फात फसलेलं जहाज

जऊळक्याच्या स्टेशनवर तुळशीरामजी पेपराआडून शेजारच्या मायलेकींचं बोलणं ऐकत होते.

"पल्लवे, पुढचं पान काहून उघडत नाहीस?"

"भेव लागते व माय. देवमासे मारणारं जुनं जहाज बर्फात फसलं. त्याच्या रोजनिशीच्या पानायचे फोटो पाहून त्यातलं हवामान आमी बरेच जण हौसेनं मोबाइलवर उतरवतो."

"फुकटचं काम, अन् वरून भेव!"

"कालच्या पानावर लिहिणाऱ्याचं अक्षर थरथरून राह्यलं होतं. पुढच्या पानावर दुसऱ्याचंच अक्षर निघालं तं?"

"दीडशे वर्सं झाले. तो कवाचाच मेला असन."

"माह्यासाठी कालपावतो जिता होता."

"आन इकडं, मीच उघडतो."

मायचं बोट मोबाइलवर जाऊन थांबलं.

"राहू दे. अकोल्याच्या गाडीत बसून पाहू."

तुळशीरामजींना मात्र उलट दिशेला, वाशीमला जायचं होतं.