बर्फातली भेंडी

फोनवर "जेवलीस का" हे फक्त आपल्याच आया विचारतात, असं मला वाटायचं. नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनच्या डच भाषेच्या क्लासमध्ये सीरियाचा युसुफ माझ्या शेजारी बसायचा. तिथल्या यादवी युद्धात दोन वर्षं सैनिक म्हणून छावणीत काढलेला. एकदा माझा आईशी फोन झाल्यावर त्यानं विचारलं, "काय म्हणाली आई?"

"जेवलीस का, म्हणाली. मी हो म्हटलं. खरं तर जेवले नव्हते."

तो हसला. "मीही छावणीतून तेच करायचो. मिळायचा उकडलेला बटाटा, आईला सांगायचो भेंडी होती."

"तिला पटायचं?"

"एकदा म्हणाली, बाहेर बर्फ पडतोय, भेंडी कुठली रे?"

"मग?"

"मग तीच म्हणाली, पुढच्या वेळी कोबी सांग."