कॅमेऱ्याकडे पाठ

आदरणीय अध्यक्षमहाराज, ज्यांनी आमची मालिका लिहिली आणि आम्हाला घरोघरी रडायला पाठवलं, व्यासपीठावरील मान्यवर, पहिल्या रांगेत बसलेल्या अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दिवे-कॅमेरे सांभाळणारे जुने सोबती, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातलाय त्या आमच्या अक्का.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. नटीच्या हाती माइक देऊन दोन शब्दांची अपेक्षा! आयोजकांच्या भाबडेपणाला नमस्कार.

नव्या मंडळींसाठी सांगते. त्या काळी मालिका थेट जायची. आम्ही स्टुडिओत बोलतोय आणि त्याच क्षणी तुम्ही घरी बघताय. चुकलं तर चुकलं. अण्णा वडील, अक्का आई आणि मी त्यांची लेक. वडील जमदग्नी, आई मुखदुर्बळ. अक्कांच्या वाट्याला संवाद कसले? "चहा ठेवू?" आणि "ऐकलंत का?" एवढ्यावर बाईंनी वर्षानुवर्षं संसार ओढला!

त्या संध्याकाळी प्रसंग असा होता. मला परगावी नोकरी लागलेली, वडील मला घराबाहेर काढणार आणि आई मटार सोलत खाली मान घालून बसणार.

अण्णांनी आवाज चढवला, "आजपासून तू मला..." आणि थांबले. मला वाटलं, वाक्य विसरले. पडद्यामागून कुजबुजत वाक्य सांगितलं गेलं, तरी गप्प. ओठ पांढरेफटक, हात छातीशी. मी समोर नुसती उभी. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा तसाच जळतोय.

अक्का उठल्या. कॅमेऱ्याकडे चक्क पाठ केली, अण्णांना खुर्चीत बसवलं, गळ्याचं बटण सोडलं. मग कॅमेऱ्याकडे वळून त्यांना झाकत उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "तू जा गं. यांना बरं नाहीये. डॉक्टरांना घेऊन ये. इथलं मी बघते."

मी दाराबाहेर धावले. वर नियंत्रण-खोलीत दिग्दर्शक ओरडत होते, "ही बाई काय बोलतेय? तोडा प्रक्षेपण!" अध्यक्षमहाराज, तुम्हीच त्यांचा हात धरलात ना? "थांबा, तिला बोलू द्या," म्हणालात.

आणि अक्का बोलल्या. "इतकी वर्षं तुमचा राग हेच माझं छप्पर समजत आले. पोरीला नाही त्याखाली राहायचं. जाऊ दे तिला. तुम्ही नाही म्हणालात तरी जाणार ती, मी पाठवणार."

इकडे मी आणि दिवे सांभाळणारे दोघं, असे आम्ही तिघं गुडघ्यांवर रांगत सेटवर शिरलो. कॅमेरा अक्कांच्या चेहऱ्यावर. त्यांच्या मागे आम्ही अण्णांना खुर्चीतून उतरवून सतरंजीवरून ओढत नेलं. अक्का बोलतच होत्या. मागे वळून बघायची सोय नव्हती. नवरा मागे बसलाय, ऐकतोय, असंच धरून चालल्या होत्या. वहिनी, तुम्ही घरी हे बघत होतात. निरोप येईपर्यंत तुम्हाला काही कळलं होतं का? अक्कांना ते कळू द्यायचं नव्हतंच.

शेवटचं संगीत वाजलं. अक्का वळल्या. खुर्ची रिकामी.

"गेले?"

"गेले नाहीत हो, नेलंय. शुद्धीवर आहेत," मी म्हटलं.

तेव्हा कुठे त्या खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी बैठक. मालिकेची वाट लावली, बाईंना काढा, असा वरून सूर. लेखकमहाशय एवढंच म्हणाले, "ती आई आता बोललीय. तिला परत मुकी करणं मला जमायचं नाही." कथा वळली. मी केलेली लेक नोकरीला गेली. अक्कांना पानंच्या पानं संवाद मिळू लागले.

दवाखान्यात अण्णा त्यांच्यावर डाफरले, "बाई, नटीनं कॅमेऱ्याकडे पाठ करायची असते?"

"तुम्ही प्राण सोडला असतात, तर मी चेहरा कुणाला दाखवणार होते?"

अण्णा त्यानंतर पुष्कळ जगले, कुरकुरत जगले, सुखानं गेले.

अक्का आज काम थांबवताहेत. कारण पत्रिकेत छापलेलं नाही, पण त्यांनीच मला सांगायला सांगितलंय. वाक्यं आता हाताशी राहत नाहीत. माणसं आठवतात, शब्द निसटतात.

आयोजकांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाला मान द्यायचा राहिला असेल, काही उणं-अधिक झालं असेल, तर पदरात घ्या.

आता अक्का बोलतील. मधेच थांबल्या, तर घाईनं टाळ्या वाजवू नका. शब्द सुचवू नका. बसून राहा. त्यांना हवा तेवढा वेळ घेऊ द्या.

या, अक्का.