कार्डावर स्टोअरकीपर

मस्कतमध्ये व्हिसा-कार्डाचे फॉर्म भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये माझ्या पुढचं टोकन वसईच्या एका जोडप्याचं होतं. व्हॅलेंटाईन आणि त्याची बायको ॲव्हरिल.

ॲव्हरिल त्याला म्हणत होती, "मोठ्या कोचची जागा रिकामी झाली, कॉलेजने तुलाच विचारलं. मग तोंड असं का?"

"अनुभवाचा दाखला मागतायत."

"नऊ वर्षं बास्केटबॉलचा असिस्टंट कोच आहेस ना?"

"रेसिडेंट कार्डावर मी स्टोअरकीपर आहे. तेव्हा तोच व्हिसा शिल्लक होता, म्हणून त्यावर आणलं."

"मग कॉलेजला ठाऊकच आहे की!"

"आणणारे साहेब गेले. नवे साहेब कागद बघतात. कागदावर मी नऊ वर्षं बॉल मोजलेत."

"आणि पोरांना शिकवलं कोणी?"

"कागदावर, मोठ्या कोचने."

"तो तर मॅचच्या दिवशीच उगवायचा!"

"हळू बोल. खरं सांगितलं तर म्हणतील, त्या व्हिसावर कोचचं काम केलंसच कसं? नाही सांगितलं तर अनुभव शून्य."

"मग आज काय लिहायचं?"

"तेच तर कळत नाही गं."

तेवढ्यात त्यांचं टोकन पुकारलं. टायपिस्टने हिंदीत विचारलं, "कार्ड रिन्यू? काम वही, स्टोअरकीपर?"

व्हॅलेंटाईनने गळ्यातली शिट्टी घाईने शर्टात लपवली. ॲव्हरिलने ती पुन्हा बाहेर काढली.

"भाई, इसको काम बदलने का फॉर्म दो."

"ॲव्हरिल, आणि नाही म्हणाले तर?"

"तर निदान बॉल तरी नीट मोज. काल एक कमी होता म्हणालास."